हौशी सी.एन.सी. मिलिंग यंत्रासाठी मोटर व ड्रायव्हरची निवड : वऱ्हाडातील महाविद्यालयीन कर्मशाळांच्या संदर्भात

सारांश

हातचालित लहान मिलिंग यंत्राला मोटरी व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडून ते संगणकचालित करणे आज महाविद्यालयीन कर्मशाळेच्या आवाक्यात आले आहे. तथापि मोटरीची निवड बहुधा तिच्या लेबलवरील एकाच आकड्यावरून, म्हणजे धारक टॉर्कवरून केली जाते आणि तेथेच प्रकल्प फसण्याची शक्यता निर्माण होते. मोटरीला लागणारा जोर दोन वेगवेगळ्या वेगांवर कसा तपासावा, पुरवठ्याचा विद्युतदाब व ड्रायव्हर यांची सांगड कशी घालावी आणि अमरावती-अकोला परिसरातील उन्हाळा व वीजपुरवठा लक्षात घेता या निवडीत कोणते बदल करावे लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल केलेल्या गणितासह केले आहे.

बीजसंज्ञा : सी.एन.सी. रूपांतरण, स्टेपर मोटर, ड्रायव्हर, टॉर्क, इंडक्टन्स, तापमानवाढ, वऱ्हाड.

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालय, तंत्रनिकेतन किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कर्मशाळेत एखादे जुने मिलिंग यंत्र वापराविना उभे असल्याचे अनेकदा आढळते. त्याचे बीड शाबूत असते, स्लाइड अजून सरळ असतात. परंतु अभ्यासक्रमात संगणकीय नियंत्रण आल्यामुळे हँडल फिरवून काम करण्याचे महत्त्व कमी झालेले असते. दुसरीकडे, कारखानदारी दर्जाचे सी.एन.सी. यंत्र महाग असल्याने संस्थेत ते एकच असते आणि विद्यार्थ्यांना त्याला हात लावण्याऐवजी बहुतेक वेळा ते पाहावेच लागते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे जुन्या यंत्राचे रूपांतरण होय.

ही कल्पना नवी नाही. जॉन पार्सन्स यांच्या संकल्पनेवरून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ मध्ये अंकीय नियंत्रणाचे जे पहिले मिलिंग यंत्र दाखविले, ते मुळात सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल हे बाजारात मिळणारे यंत्र होते. त्यावर नियंत्रण नंतर बसविण्यात आले. म्हणजेच या तंत्रज्ञानाचा आरंभच रूपांतरणाने झाला. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. संगणकचालित लहान यंत्रे ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती देता येतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

वऱ्हाडात या विषयाला पोषक पार्श्वभूमी आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून, तर बडनेरा व शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासून कार्यरत आहेत. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल सर्वपरिचित आहे. डाळ मिल, जिनिंग आणि शेती अवजारे यांना लागणारे लहान सुटे भाग, साचे व पट्ट्या बनविण्यासाठी अचूक पण माफक क्षमतेचे यंत्र येथे निश्चितच उपयोगी पडेल. मात्र मोटर व ड्रायव्हर यांच्यावर केलेला खर्च चुकीच्या निवडीमुळे वाया गेला, तर संस्थेत पुन्हा त्याच कामासाठी निधी मिळणे कठीण होते. त्यामुळे खरेदीपूर्वीचे गणित हा या प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

उद्दिष्टे

१) मोटर निवडताना लागणारा टॉर्क कसा काढावा, हे स्पष्ट करणे.
२) विद्युतदाब, मोटरीचा इंडक्टन्स व ड्रायव्हर यांतील संबंध समजावून देणे.
३) स्थानिक तापमान व वीजपुरवठा यांचा निवडीवर होणारा परिणाम मांडणे.
४) सुरक्षिततेच्या दृष्टीने अपरिहार्य बाबींकडे लक्ष वेधणे.

स्टेपर व सर्व्हो : मूलभूत फरक

स्टेपर मोटर संगणकाकडून आलेल्या प्रत्येक स्पंदाला एक ठरावीक कोन फिरते. प्रचलित संकरित स्टेपर मोटर एका पावलात १.८ अंश, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले फिरते. आपण खरोखर किती फिरलो, हे ती कोणालाही कळवीत नाही. भार क्षमतेपलीकडे गेला तर पावले चुकतात आणि संगणकाला त्याची वार्ता नसते. विद्यार्थ्याला पडद्यावर बरोबर दिसणारा भाग प्रत्यक्षात बिघडलेला निघतो, याचे कारण बहुधा हेच असते.

सर्व्हो मोटरीला स्थिती मोजणारा एन्कोडर जोडलेला असतो. अपेक्षित व प्रत्यक्ष स्थितीतील फरक मोजून ड्रायव्हर सतत दुरुस्ती करतो आणि फरक मर्यादेबाहेर गेल्यास यंत्र थांबवितो. ४०० वॅटची प्रचलित ए.सी. सर्व्हो मोटर सुमारे १.२७ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत टिकवून ठेवते आणि अल्पकाळ त्याच्या सुमारे तिप्पट टॉर्क देते. या दोहोंमधला पर्याय म्हणजे एन्कोडर जोडलेली स्टेपर मोटर. तिची ताकद स्टेपरइतकीच असते; मात्र पाऊल चुकल्यास ती इशारा देते. शिक्षणाच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे, कारण चूक लपून राहत नाही.

लहान यंत्राच्या पहिल्या रूपांतरणासाठी साधी किंवा एन्कोडर जोडलेली स्टेपर मोटर पुरेशी ठरते. मात्र ती किती क्षमतेची असावी, हा खरा प्रश्न आहे.

लागणाऱ्या टॉर्कचे गणित

टॉर्क म्हणजे आस फिरविण्याचा जोर. मोटरीच्या लेबलवर लिहिलेला धारक टॉर्क ही मोटर स्थिर असताना ती किती जोराला दाद देणार नाही, याची मर्यादा असते. मोटर फिरू लागली की टॉर्क कमी होतो आणि वेग वाढेल तसा अधिकाधिक घटत जातो. म्हणून "किती न्यूटन-मीटरची मोटर हवी?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणत्या वेगाला किती न्यूटन-मीटर हवे?" असा प्रश्न विचारावयास हवा.

उदाहरणादाखल एक लहान यंत्र गृहीत धरू. टेबल, व्हाइस व जॉब मिळून सरकणारे वस्तुमान ४० किलोग्रॅम आहे. स्क्रू १६ मि.मी. व्यासाचा, अर्धा मीटर लांबीचा असून एका फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरकते. कापताना लागणारे बल ५०० न्यूटन आणि स्लाइडचे घर्षण १५० न्यूटन मानू. कापण्याचा वेग मिनिटाला ३०० मि.मी. असेल, तर स्क्रू मिनिटाला ६० फेरे घेईल. रिकाम्या जलद हालचालीचा वेग मिनिटाला ३००० मि.मी. हवा असेल, तर फेरे ६०० होतील.

स्क्रूला लागणारा टॉर्क म्हणजे बल व एका फेऱ्यातील सरक यांचा गुणाकार भागिले २π व स्क्रूची कार्यक्षमता यांचा गुणाकार. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरल्यास ६५० न्यूटन बलासाठी सुमारे ०.५८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. जुन्या यंत्रातील मूळ समलंब आट्यांच्या स्क्रूची कार्यक्षमता ०.३ धरल्यास तेच काम करण्यास सुमारे १.७२ न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे स्क्रू बदलल्याने मोटरीवरील ओझे एक-तृतीयांश होते. शिवाय मूळ स्क्रू व नट यांतील झीज, म्हणजे बॅकलॅश, मोठी मोटर लावून नाहीशी होत नाही. मोटरींवर पैसे खर्च करण्यापूर्वी स्क्रूचा विचार करावा, असे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

जलद हालचालीत कापण्याचे बल नसते. मात्र टेबलाला वेग द्यावा लागतो. प्रतिसेकंद प्रतिसेकंद १ मीटर त्वरण हवे असल्यास स्क्रूचे कोनीय त्वरण सुमारे १२५७ रेडियन प्रतिसेकंद प्रतिसेकंद येते. ४० किलोग्रॅम टेबलाचे स्क्रूच्या आसाशी मोजलेले जडत्व सुमारे २.५ × १०⁻⁵ किलोग्रॅम-मीटर वर्ग असून स्क्रूचे स्वतःचे जडत्वही जवळपास तेवढेच आहे. ५७ मि.मी. चौकोनी मुखाच्या, म्हणजे नेमा २३ आकाराच्या लांब मोटरीच्या रोटरचे जडत्व सुमारे ८ × १०⁻⁵ असते. तिन्ही मिळून त्वरणासाठी सुमारे ०.१६ न्यूटन-मीटर लागतात. त्यात बॉल स्क्रूवरील घर्षणाचे ०.१३ मिळविल्यास बेरीज सुमारे ०.३ होते.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अवजड वाटणाऱ्या टेबलापेक्षा मोटरीचा स्वतःचा रोटर फिरविण्यासच अधिक जोर खर्च होतो. ८६ मि.मी. मुखाची, म्हणजे नेमा ३४ आकाराची मोठी मोटर निवडल्यास तिच्या रोटरचे जडत्व चौपटीपर्यंत जाऊ शकते आणि त्याच त्वरणासाठी ०.५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. "मोठी मोटर घेतली म्हणजे चिंता नाही" हा समज लहान यंत्राच्या बाबतीत खरा ठरत नाही.

स्लाइडवरील घाण, बोथट कटर, तेलाचा अभाव आदी अनिश्चिततेसाठी दुप्पट राखीव क्षमता ठेवणे हितावह असते. त्यानुसार आपल्या यंत्राची गरज दोन ओळींत मांडता येते : मिनिटाला ६० फेऱ्यांवर सुमारे १.१५ न्यूटन-मीटर आणि ६०० फेऱ्यांवर सुमारे ०.६ न्यूटन-मीटर. उत्पादकाच्या तपशीलपत्रकातील टॉर्क-वेग आलेखावर हे दोन बिंदू मांडावेत. दोन्ही बिंदू वक्ररेषेच्या खाली येत असतील, तर ती मोटर योग्य होय. साधारणतः २ ते ३ न्यूटन-मीटर धारक टॉर्कची नेमा २३ मोटर या कसोटीला उतरते. ज्या मोटरीचा असा आलेखच उपलब्ध नाही, ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

विद्युतदाबाचे महत्त्व

वेग वाढल्यावर टॉर्क का घटतो, याचे उत्तर मोटरीच्या वेटोळ्यात आहे. वेटोळे प्रवाहातील बदलाला विरोध करते. या गुणधर्मास इंडक्टन्स म्हणतात. टॉर्क प्रवाहावर अवलंबून असतो आणि प्रवाह चढण्यास वेळ लागतो. तो वेळ ढोबळमानाने इंडक्टन्स व प्रवाह यांचा गुणाकार भागिले पुरवठ्याचा विद्युतदाब इतका असतो.

समजा, मोटरीचा इंडक्टन्स ३.८ मिलिहेन्री व प्रवाह ४.२ अँपिअर आहे. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २००० पूर्ण पावले. अर्थात प्रत्येक पावलास ०.५ मिलिसेकंद मिळतो. २४ व्होल्ट पुरवठ्यावर प्रवाह पूर्ण चढण्यास सुमारे ०.६७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रवाह पूर्ण होण्यापूर्वीच पुढचे पाऊल येऊन ठेपते आणि मोटर अपुऱ्या जोराने चालते. ३६ व्होल्टवर हाच वेळ ०.४४ व ४८ व्होल्टवर ०.३३ मिलिसेकंद होतो. फिरणारी मोटर स्वतः उलट विद्युतदाब निर्माण करते, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती याहून थोडी प्रतिकूल असते; परंतु निष्कर्ष बदलत नाही. तीच मोटर, तोच ड्रायव्हर, पण पुरवठा २४ ऐवजी ३६ व्होल्टचा केल्यास यंत्राची जलद चाल सुधारते.

यावरून मोटर खरेदीचा दुसरा नियम निघतो : समान टॉर्कच्या दोन मोटरींपैकी कमी इंडक्टन्सची मोटर निवडावी. आठ तारांच्या मोटरीत वेटोळी एकसरीत जोडल्यास इंडक्टन्स समांतर जोडणीच्या चौपट होतो. म्हणून ड्रायव्हर पुरेसा प्रवाह देऊ शकत असल्यास समांतर जोडणी इष्ट असते.

ड्रायव्हरची निवड

संगणकाकडून येणाऱ्या क्षीण स्पंदांनुसार मोटरीच्या वेटोळ्यांत आवश्यक तो प्रवाह सोडणारे मंडल म्हणजे ड्रायव्हर. विद्यार्थी प्रकल्पांत आढळणारे एल २९८ हे मंडल एकट्याने प्रवाहावर नियंत्रण ठेवत नाही. त्यामुळे अधिक विद्युतदाबाचा लाभ त्याला घेता येत नाही. ए ४९८८ सारखे छोटे फलक ३५ व्होल्ट व जास्तीत जास्त २ अँपिअर यांपुरते मर्यादित आहेत. ते त्रिमिती मुद्रण यंत्राला योग्य असले, तरी धातू कापणाऱ्या मिलिंग यंत्राला अपुरे पडतात. डी.एम. ५४२ या वर्गातील ड्रायव्हर २० ते ५० व्होल्ट व ४.२ अँपिअर शिखर प्रवाहापर्यंत चालतात आणि नेमा २३ मोटरीसाठी ते योग्य ठरतात.

५० व्होल्ट ही कमाल मर्यादा असलेल्या ड्रायव्हरला ४८ व्होल्टचा पुरवठा जोडण्याचा मोह टाळावा. वेगात असलेले टेबल थांबते तेव्हा मोटर जनित्रासारखी वागते आणि ऊर्जा पुरवठ्याकडे परत ढकलते. त्या क्षणी विद्युतदाब मर्यादा ओलांडू शकतो. आपल्या उदाहरणातील मोटरीला ३६ व्होल्ट पुरेसे आहेत, हे वरील गणितातून दिसून आलेच आहे. तसेच वीज चालू असताना मोटरीची तार ड्रायव्हरपासून कधीही सोडू नये. वेटोळ्यात साठलेल्या ऊर्जेमुळे ड्रायव्हर तत्काळ निकामी होऊ शकतो. विद्यार्थ्यांना ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी आणि पेटीवर लिहूनही लावावी.

सूक्ष्म पावलांविषयीही गैरसमज आढळतो. एका पावलाचे आठ भाग केल्यास एका फेऱ्यात १६०० स्पंद लागतात व प्रत्येक स्पंदाला टेबल सुमारे ०.००३ मि.मी. सरकते. याचा अर्थ यंत्राची अचूकता ०.००३ मि.मी. झाली, असा नव्हे. आठ भागांच्या एका सूक्ष्म पावलात उपलब्ध होणारा टॉर्क धारक टॉर्कच्या केवळ २० टक्क्यांच्या आसपास आणि सोळा भागांत १० टक्क्यांच्या आसपास असतो. घर्षण त्याहून अधिक असल्यास टेबल जागचे हलत नाही. सूक्ष्म पावलांचा खरा लाभ चाल गुळगुळीत होणे व कंपने कमी होणे हा आहे.

स्पंदांची संख्या नियंत्रकाच्या क्षमतेशीही जुळावी लागते. मिनिटाला ६०० फेरे व फेऱ्याला १६०० स्पंद म्हणजे सेकंदाला १६,००० स्पंद होतात. आर्डुइनो उनो फलकावर चालणारी जी.आर.बी.एल. ही मुक्त प्रणाली सुमारे ३०,००० स्पंदांपर्यंत जाते. म्हणजे आठ भाग तिला झेपतात, सोळा भाग झेपत नाहीत. लिनक्स सी.एन.सी. ही दुसरी मुक्त प्रणाली पॅरलल पोर्ट असलेल्या जुन्या संगणकावर चालते. असे संगणक अनेक महाविद्यालयांच्या भांडारात अद्याप असतात. त्यांचा पुनर्वापर या निमित्ताने होऊ शकतो.

वऱ्हाडातील उन्हाळा व तापमानवाढ

येथवरचे विवेचन कोणत्याही गावाला लागू पडेल. परंतु अमरावती व अकोला येथे एक घटक निवडीचे स्वरूप बदलून टाकतो, तो म्हणजे उष्णता. मे २०२४ मधील उष्णतेच्या लाटेत अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपुढे गेले होते आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. पत्र्याच्या छताखालील कर्मशाळेत याहून अधिक तापमान असणे अस्वाभाविक नाही.

स्टेपर मोटर स्थिर असतानाही पूर्ण प्रवाह घेत असल्याने ती सतत तापते. अनेक मोटरींच्या तपशीलपत्रकात पूर्ण प्रवाहाला ८० अंश तापमानवाढ आणि बी वर्गाचे इन्सुलेशन, म्हणजे १३० अंशांची मर्यादा नमूद असते. २५ अंशांच्या खोलीत वेटोळे १०५ अंशांपर्यंत जाईल आणि पुरेसे अंतर राहील. ४५ अंशांच्या कर्मशाळेत मात्र ते १२५ अंशांवर पोहोचेल. मर्यादा केवळ पाच अंशांवर राहील.

यावर सोपा उपाय आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ड्रायव्हरवरील स्विचद्वारे प्रवाह २० टक्क्यांनी कमी केल्यास टॉर्क सुमारे २० टक्क्यांनीच घटतो. उष्णता मात्र ६४ टक्क्यांवर येते. तापमानवाढ ८० ऐवजी सुमारे ५१ अंश होऊन वेटोळे ९६ अंशांवर राहते. म्हणून या भागात मोटर निवडतानाच तिचा टॉर्क लेबलवरील आकड्याच्या ८० टक्के धरून चालावे. मोटर थांबलेली असताना प्रवाह निम्मा करण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असते, तीही चालू ठेवावी. त्यामुळे त्या काळातील उष्णता एक-चतुर्थांश होते.

ड्रायव्हरची स्थिती मोटरीपेक्षा नाजूक असते. अनेक ड्रायव्हरांच्या पत्रकात सभोवतालचे तापमान ५० अंशांपर्यंत असावे, असे नमूद असते. बाहेर ४५ अंश असताना बंद पेटीच्या आत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा पेटी ऐसपैस असावी, ड्रायव्हर उभे व परस्परांपासून अंतर राखून बसवावेत आणि पंख्याला गाळणी असावी. काळ्या मातीची बारीक धूळ, जिनिंगच्या परिसरातील कापसाचे तंतू व डाळ मिलचा भुसा या भागात हवेत असतोच. गाळणीवाचून पंखा लावल्यास तो हीच धूळ मंडलांवर आणून बसवितो. गाळणी दर आठवड्याला स्वच्छ करण्याची जबाबदारी नेमून द्यावी.

मोटर खरोखर किती तापते, हे पदार्थविज्ञान विभागाच्या साहाय्याने मोजता येते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांना ०.९० ओहम असलेले वेटोळे तासभर चालल्यावर, वीज बंद करून लगेच मोजले असता, १.१८ ओहम भरले, तर तापमान सुमारे १०५ अंश झाले, असे समजावे. इतका लहान रोध मोजण्यासाठी चार तारांची पद्धत वापरावी. यंत्र, विद्युत व पदार्थविज्ञान या विभागांना एकत्र आणणारा हा सुटसुटीत प्रयोग आहे.

वीजपुरवठा

तीन अक्षांसाठी लागणारा प्रवाह काढताना तिन्ही मोटरींच्या प्रवाहांच्या बेरजेचा दोन-तृतीयांश भाग धरण्याचा ठोकताळा प्रचलित आहे. त्यानुसार ४.२ अँपिअरच्या तीन मोटरींना सुमारे ८.४ अँपिअर, म्हणजे ३६ व्होल्टवर सुमारे ३०० वॅट लागतात.

स्विचिंग पद्धतीचा तयार पुरवठा सुटसुटीत असतो. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर व कपॅसिटर यांचा साधा पुरवठा वजनदार असला, तरी मोटरीकडून परत येणारी ऊर्जा तो कपॅसिटरमध्ये सामावून घेतो आणि मोटर वाइंडिंगच्या स्थानिक दुकानातही त्याची दुरुस्ती होऊ शकते. मात्र त्याचा विद्युतदाब मुख्य पुरवठ्याबरोबर कमी-अधिक होतो. २३० व्होल्टमध्ये १० टक्के चढउतार गृहीत धरून गणित करावे. २५ व्होल्टचे दुय्यम वेटोळे असल्यास रेक्टिफायरनंतर सुमारे ३४ व्होल्ट मिळतात. मुख्य पुरवठा १० टक्क्यांनी चढला आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मर आणखी ५ टक्के वर गेला, तरी हा आकडा ४० व्होल्टच्या आतच राहतो. ३२ व्होल्टचे वेटोळे कागदावर ४४ व्होल्ट देते. त्याच स्थितीत ते जवळपास ५१ व्होल्टवर पोहोचते आणि ५० व्होल्टचे तिन्ही ड्रायव्हर एकाच वेळी धोक्यात येतात. दुपारी व्यवस्थित चाललेले यंत्र रात्री, परिसरातील भार उतरल्यावर, बंद पडते ते अशा कारणाने.

२००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याने तीव्र भारनियमन अनुभवले. आज ती स्थिती नसली, तरी उन्हाळी वादळात व पावसाळ्याच्या आरंभी वीज खंडित होणे नवीन नाही. स्पिंडल थांबले आणि टेबल मात्र यू.पी.एस.वर चालत राहिले, तर कटर मोडतो. म्हणून स्पिंडलचा काँटॅक्टर सुटताच टेबलाची सरकही थांबेल, अशी जोडणी करावी. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. तसेच काम पुढे चालविण्यापूर्वी शून्यस्थान पुन्हा निश्चित करावे. स्पिंडलसाठी व्ही.एफ.डी. वापरल्यास त्याच्या तारा कवचधारी असाव्यात, मोटरींच्या संदेशतारांपासून दूर न्याव्यात आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

सुरक्षितता : उभ्या अक्षाचा प्रश्न

बॉल स्क्रूची कार्यक्षमता हा त्याचा गुण उभ्या अक्षावर दोष ठरतो. समलंब आट्यांचा स्क्रू वीज गेल्यावर भार जागच्या जागी धरून ठेवतो; बॉल स्क्रू उलट फिरतो. २५ किलोग्रॅमच्या स्पिंडल हेडचे वजन ५ मि.मी. सरकेच्या बॉल स्क्रूवर सुमारे ०.१८ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण करते. वीज नसलेल्या नेमा २३ स्टेपर मोटरीचा अंगभूत अटकाव बहुधा याहून कमी असतो. परिणामी वीज जाताच, किंवा आपत्कालीन बटण दाबताच, हेड खाली घसरते. त्या वेळी विद्यार्थ्याचा हात कटरखाली असू शकतो. म्हणून उभ्या अक्षाला वीज गेल्यावर लागणारा ब्रेक, प्रतिभार किंवा गॅस स्प्रिंग असल्याखेरीज यंत्र वापरास देऊ नये. या एका बाबतीत खर्चाची सबब ग्राह्य धरता येणार नाही. आपत्कालीन बटणही संगणकाच्या मर्जीवर न सोडता काँटॅक्टरमार्फत थेट वीज तोडणारे असावे.

स्वीकृतीपूर्व चाचणी

जोडणी पूर्ण झाल्यावर टेबलाला डायल गेज लावून शून्य नोंदवावे आणि टेबल पूर्ण जलद गतीने शंभर वेळा पुढे-मागे करून मूळ जागी आणावे. काटा शून्यावर परतला नाही, तर पावले चुकत आहेत, असे समजून त्वरण किंवा वेग कमी करावा. ही चाचणी एकदा सकाळी व एकदा भर दुपारी, यंत्र तापल्यावर, घ्यावी. काळ्या मातीवरील फरशी पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे बीडची पातळी बदलून स्लाइड जड होऊ शकतात. सबब पावसाळ्यानंतर लेव्हल तपासून हीच चाचणी पुन्हा करावी.

निष्कर्ष

१) मोटर धारक टॉर्कवरून न निवडता कापण्याचा वेग व जलद वेग या दोन बिंदूंवरील टॉर्कवरून निवडावी.
२) स्क्रूची कार्यक्षमता सुधारणे हे मोटर मोठी करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.
३) कमी इंडक्टन्स व पुरेसा विद्युतदाब हे जलद गतीचे खरे आधार आहेत, तथापि ड्रायव्हरच्या कमाल मर्यादेखाली राखीव अंतर ठेवणे अनिवार्य आहे.
४) अमरावती-अकोला परिसरात मोटरीचा टॉर्क ८० टक्के धरून निवड करावी आणि प्रवाहही तेवढाच ठेवावा.
५) बॉल स्क्रू असलेल्या उभ्या अक्षाला ब्रेक, प्रतिभार किंवा गॅस स्प्रिंग यांपैकी एक व्यवस्था असलीच पाहिजे.

रूपांतरित यंत्र कारखान्यातील यंत्राची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु तयार यंत्राची बंद पेटी विद्यार्थ्याला जे दाखवीत नाही, ते येथे उघड्यावर असते. प्रवाह कमी केल्यास काय होते, विद्युतदाब वाढविल्यास काय होते आणि पाऊल कोठे चुकते, हे तो स्वतः मोजू शकतो. खरेदीचे मागणीपत्र लिहिण्यापूर्वी वरील गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घेतल्यास, यंत्र येण्यापूर्वीच अध्यापनाचा मोठा भाग पूर्ण झालेला असेल.